शंभर वाटाणे

डब्याचं झाकण उघडलं की मावशी आधी नाक आत घालायच्या. "नाक खोटं बोलत नाई सर," म्हणायच्या. मी कारंजा तालुक्यातल्या शाळेत मास्तर, त्या तिथे पोरांची खिचडी शिजवायच्या. आम्ही सगळे त्यांना मावशीच म्हणायचो.

पोरांच्या आधी एका शिक्षकाने जेवण चाखून रजिस्टरात 'चव चांगली' लिहायचं असतं. ते काम माझं. मी न चाखताच लिहायचो. मावशींना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, "सर, आज मीठच नाई टाकलं. ल्याहा, चांगली."

दिवाळीच्या सुट्टीनंतर वाळल्या हिरव्या वाटाण्याचं पोतं आलं. मावशींनी मूठभर भिजत घातले. सकाळी पाणी रंगासारखं हिरवं आणि वर भुंगे तरंगत होते. मला किळस आली, तरी मी वर्गात निघून गेलो.

मुख्याध्यापक म्हणाले, "उकळलं की सगळे मरतात, मावशी."

"मरतात. पण राह्यतात तं पोटातच ना?"

"वाटाणा आतून चांगला आहे."

"चांगला असन तं उगवन. पेरून पाहू."

हापशाजवळ त्यांनी वाफा केला. शंभर वाटाणे पोरांकडून मोजून घेतले, एकेक बोटाने मातीत दाबला. तोवर वाटाणा शिजवायचा नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. रोज डाळ-भात.

दहा दिवसांनी नऊ कोंब वर आले. बाकीच्या जागा त्यांनी उकरल्या. आत बुळबुळीत, काळपट लगदा. तो तळहातावर घेऊन त्या थेट ऑफिसात गेल्या. मुख्याध्यापक चहात बिस्कीट बुडवत होते.

"सुंगा."

"शी! उचला ते आधी!"

"तुमाले वास सहन होत नाई, अन् लेकराईले खाऊ घालू?"

बिस्कीट चहात विरघळून गेलं. मी दारात उभा राहून हसू दाबत होतो.

सोमवारी मावशींना कामावरून कमी केलं. कागदावर कारण लिहिलं होतं, 'अस्वच्छता'. खाली साक्षीदार म्हणून सही माझी. वाचूनच केली, हे सांगायला हवं.

नव्या बाईंनी तोच वाटाणा शिजवला. मी रजिस्टरात लिहिलं.

नऊ वेल मात्र जोमाने वाढले. पांढरी फुलं आली, मग शेंगा लागल्या. पोरांनी चोरून खाल्ल्या; गोड होत्या म्हणे. तालुक्याहून शाळेच्या परसबागेचा फोटो मागवला, तेव्हा मुख्याध्यापक इस्त्रीचा शर्ट घालून वाफ्यात बसले. मोबाइल माझ्या हातात दिला. "हसा सर," मीच म्हणालो. फोटोचं फार कौतुक झालं. मलाही चहा मिळाला. तो मी प्यालो.

गेल्या महिन्यात मावशी कारंज्याच्या स्टँडवर दिसल्या. संत्र्याच्या बागेत तोडणीला जातात आता. मला वाटलं, तोंड फिरवतील. उलट त्या सरकल्या, बाकावर माझ्यासाठी जागा केली.

"सर, लेकरं बराबर जेवतात ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांची एसटी लागली तशा पिशवी उचलून गर्दीत शिरल्या.