इराचं कोपर

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर बाबा थेट ग्राऊंडवरून आले. मुंबईची गाडी यायची होती, आई पिशव्यांची तोंडं सोडून पुन्हा बांधत होती, सासरची माणसं अभयभोवती उभी होती. बाबा शाळेत पीटीचे सर. त्या दिवशी तालुक्याच्या सॉफ्टबॉल संघाची निवड होती. पोरगी ऑस्ट्रेलियाला चाललीय म्हणून निवड पुढे ढकलावी, असं काही त्यांच्या मनात आलं नसावं. गळ्यात शिट्टी, पँटवर चुन्याची पावडर. जिना उतरून ते माझ्यासमोर आले, गाडी येते त्या दिशेला बघितलं आणि म्हणाले, "गुडघे सांभाळ."

बाकी सगळे "पोचल्यावर फोन कर", "तब्येतीला जप" म्हणत होते. मला गुडघे मिळाले. कारण मी कॅचर होते, म्हणजे बॅटवालीच्या पाठीमागे उकिडवं बसून पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू झेलणारी. अमरावतीत सॉफ्टबॉल? असं पुण्या-मुंबईचे लोक अजूनही विचारतात. हो, सॉफ्टबॉल, आणि युनिव्हर्सिटीत दोन वर्षं बेसबॉलसुद्धा. बाबांच्या ग्राऊंडवर एकच नियम होता: "दुखणं घरी ठेवून यायचं." माझा उजवा अंगठा एका मॅचमध्ये मुडपला, तेव्हाही मी शेवटपर्यंत बसले. तो आजही नीट वळत नाही.

मेलबर्नला आलो तेव्हा अभयकडे नोकरी होती, माझ्याकडे व्हिसा होता आणि आमच्या दोघांकडे एक पत्ता होता. टार्निटमधला, प्राची आणि संदीपचा. संदीप अभयचा पुण्याचा कॉलेजमधला मित्र. त्यांचं घर तेव्हा वस्तीच्या अगदी टोकाला होतं. त्याच्यापुढे नुसतं सपाट गवत, काळे दगड आणि वारा. भाड्याचं घर मिळेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो, आणि मिळालं तेही मागच्याच गल्लीत.

दुसऱ्या वर्षी नील झाला. आईचा व्हिसा वेळेत आला नाही. लेबर रूममध्ये माझ्या उशाशी प्राची होती. तिने मला शेक दिला, डिंकाचे लाडू केले, बाळाला न्हाऊमाखू घातलं, आणि मी रडायला लागले की "रड, पण दूध पिऊन रड" असं म्हणायची. माझं बाळंतपण तिने केलं. आपल्याकडे ज्या घरी हे होतं त्याला काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको. अमरावतीचं माहेर विमानाच्या तिकिटाएवढं लांब होतं. टार्निटचं मागच्या गल्लीत होतं.

प्राचीची मुलगी इरा तेव्हा बालवाडीच्या वयाची. नीलला मांडीवर घेऊन मी त्यांच्या बॅकयार्डमध्ये बसायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्याकडे टेनिसचा बॉल टाकायचे. ती तो परत टाकायची. कुणी न शिकवता तिचा खांदा आधी वळायचा आणि हात मागून यायचा. मी प्राचीला म्हटलंसुद्धा, हिचा हात बघ. प्राची हसली. संदीप क्रिकेटवाला, तो म्हणाला, "बॉलरच होणार पोरगी."

झाली पिचर. जवळच्या बेसबॉल क्लबात मी मदतीला जायला लागले होते, माझ्यामागे ती आली. चौदा वर्षांखालच्या टीममध्ये सगळी मुलं आणि ही एकटी मुलगी. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलरच, पण धावत न येता छोट्या उंचवट्यावर उभा राहून टाकणारा. सगळा खेळ त्याच्या हातातून सुरू होतो. इराने टाकलेला चेंडू त्या थोराड पोरांना दिसायचा नाही. मग संदीपही बदलला. गॅरेजमधली गाडी बाहेर गेली, आत जाळं लागलं, चेंडूचा वेग मोजायचं यंत्र आलं. ऑफिसातून आला की बाप-लेक गॅरेजमध्ये. मागच्या गल्लीतून मला तो आवाज ऐकू यायचा. धप्प. थोड्या वेळाने पुन्हा धप्प.

इथे वसंत सप्टेंबरात येतो. तुमच्याकडे गणपतीची गडबड असते तेव्हा आमच्या मैदानावर मॅगपाय पक्षी घरटी राखत लोकांच्या डोक्यावर झडपा घालत असतात. त्याच दिवसांत क्लबात मुलांची पारख होते. दोन रविवार. मुलं पाठीवर नंबर लावून पळतात, झेलतात, फेकतात, आणि आम्ही तिघं बघतो. कोण वरच्या टीममध्ये, कोण खालच्या, कोण पिचर, कोणाला फर्स्ट बेस, कोणाला लांब राइट फील्डला, जिथे चेंडू क्वचितच येतो, तिथे उभं करायचं. हेड कोच ग्रेग, आणखी एक आजोबा आणि मी. पिचर मात्र मीच बघते, कारण त्यांच्यासमोर बसून चेंडू मी झेलते. "यू फील इट, वी जस्ट वॉच इट," असं ग्रेग म्हणतो.

गेल्या सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी इरा समोर उभी राहिली. वेग होता. ग्रेगने मागून शीळ घातली. पण चेंडू माझ्या ग्लोव्हमध्ये यायचा तो नेहमीसारखा नाही. तिचं कोपर खाली पडत होतं आणि प्रत्येक चेंडूनंतर ती बोटं झटकत होती, हाताला पाणी लागल्यासारखी. एकदा मॅगपाय झेपावला तेव्हा तिने डोकं झाकायला डावा हात वर केला. उजव्या हाताने खेळणारी मुलगी, पण वर गेला डावा.

नंतर ती मला शेडच्या मागे सापडली. कोल्ड ड्रिंकच्या बर्फाच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

"कधीपासून दुखतंय?"

"विंटरपासून. नॉट ऑल द टाइम."

"बाबाला माहीत आहे?"

"बाबा म्हणतो नॉर्मल सोअरनेस आहे. मावशी, प्लीज, ग्रेगला सांगू नको. स्टेटच्या गर्ल्स टीमची ट्रायल आहे. फक्त तेवढी होऊ दे."

मी म्हटलं, "बघते."

आपल्या घरात वाढलेल्या पोराला कळतं की मोठं माणूस 'बघते' म्हणालं की त्याचा अर्थ बहुतेक 'नाही'. इरा इथली. तिला तो होकार वाटला. तिने ओला हात माझ्या गळ्यात टाकला.

मी आधी ग्रेगकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राचीकडे गेले. ती मोदकांसाठी नारळ खवत होती. मी सगळं सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"रात्री ती डावीकडे वळून झोपते," ती म्हणाली. "मला वाटलं, सवय असेल."

"एकदा स्कॅन करून घेऊ या. मी येते तुमच्याबरोबर."

तेवढ्यात संदीप आला. त्याने उभ्या उभ्या ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"फिजिओने बघितलंय. स्ट्रेचिंग करतोय आम्ही."

"फिजिओला सांगितलंस का, ती गॅरेजमध्ये रोज टाकते म्हणून?"

"मनीषा, त्या सगळ्या पोरांत तिची एकच जागा आहे. ती गेली तर काय? राइट फील्ड? तिथे उभी राहून गवत उपटायचं? मी इथे आलो तेव्हा ऑफिसात तीन वर्षं राइट फील्डलाच उभा होतो. कुणाला नाव घेता यायचं नाही माझं. तिचं नाव सगळ्यांना येतं."

तो खोटं बोलत नव्हता. शनिवारी मैदानात शिरताना पोरं "ईराऽ" म्हणून हात वर करतात, ते मीही बघितलेलं आहे. प्राची खवलेल्या नारळाकडे बघत राहिली. निघताना ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "एवढी ट्रायल होऊ दे गं."

त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. आता ते रिटायर आहेत, ग्राऊंडवर जात नाहीत. मी विचारलं, "तुमच्याकडे असं झालं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"काय करणार? खेळवलं असतं," ते म्हणाले. "दुखतं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी खेळवलंच की."

लाइन तुटली असं वाटून मी "बाबा?" म्हटलं.

"तुझा अंगठा," ते म्हणाले, "अजून दुखतो का गं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, थंडीत दुखतो. "हं," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या रविवारी क्लबच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. ग्रेगने इराला पहिल्या नंबरची पिचर म्हणून आधीच धरलं होतं. मी सांगितलं, तिचं कोपर आतल्या बाजूने दुखतंय, मी झेलताना बघितलंय, तिने स्वतः कबूल केलंय. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तिला उंचवट्यावर उभं करू नका. तोवर फर्स्ट बेसला ठेवा, तिथे फेकायचं कमी असतं.

"फेअर इनफ," ग्रेग म्हणाला आणि पुढच्या मुलाकडे वळला.

बस. त्याला एवढाच वेळ लागला. मी मात्र बाहेर येऊन नळाला तोंड लावलं आणि पाणी पीतच राहिले.

ग्रेगने त्याच दुपारी संदीपला फोन केला. पार्किंगमध्ये संदीपने माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"तुला आम्ही घरातली समजत होतो."

"म्हणूनच सांगितलं रे."

"घरातलं माणूस घरात सांगतं."

"घरात सांगितलं होतं, संदीप."

तो वळून गेला. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर इरा होती. मी तिच्याकडे गेले. तिने काच खाली केली, पण थोडीशीच.

"यू सेड 'बघते'. मला वाटलं तू थांबशील."

काच वर गेली.

पुढचं मोठं काही नाही. स्कॅन झाला. वाढीच्या वयातल्या हाडाच्या टोकाशी सूज होती. डॉक्टरने दोन महिने चेंडू टाकायला मनाई केली. पण असंही म्हणाला म्हणे, की ट्रायल दिली असती तरी कदाचित काही झालं नसतं, आणि कदाचित फार झालं असतं. त्या 'कदाचित'चं संदीपने एक टोक धरलं, मी दुसरं. प्राचीने काय धरलं मला माहीत नाही. इराची ट्रायल हुकली. त्या वर्षी त्यांच्याकडच्या आरतीचं बोलावणं ग्रुपवर आलं, सगळ्यांना आलं तसं आम्हालाही. वेगळा फोन आला नाही. अभय म्हणाला, जाऊ या. गेलो. प्रसाद घेतला. संदीपने अभयला चहा विचारला. इरा खोलीतून बाहेर आली नाही. ऑक्टोबरात त्यांनी क्लब बदलला.

अभय म्हणतो, तू बरोबर होतीस. मला तसं वाटतं आणि त्याने काही फरक पडत नाही. बरोबर असणं हे संध्याकाळी पाय मोकळे करत जाऊन बसायचं ठिकाण नव्हे. नीलने दोन-तीनदा विचारलं, "व्हाय डोन्ट वी गो टू प्राचीमावशीज?" मी म्हटलं, त्यांना वेळ नाहीय. मागच्या गल्लीतून आता धप्प आवाज येत नाही. एखाद्या संध्याकाळी वारा पडला की मी कान देऊन ऐकते.

फेब्रुवारीत आमच्या पोरांची मॅच इराच्या नव्या क्लबशी पडली. ती पिचर होती. दोन महिन्यांच्या विश्रांतीनंतर हळूहळू परत आलेली, उंच झालेली. मी जाळीमागे उभी राहून बघत होते. कोपर वर होतं, खांद्याच्या रेषेत. चेंडू सुटला की हात आपोआप पुढे यायचा, बोटं झटकणं नाही, काही नाही. तिने आमची दोन पोरं ओळीने बाद केली. माझी टीम हरत होती आणि मला टाळ्या वाजवायच्या होत्या. हात जाळीत अडकवून उभी राहिले.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. प्राची होती. आम्ही दोघी मैदानाकडेच बघत होतो.

"नीलचा खोकला गेला का?"

"गेला. तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन?"

"झालं. बरी आहे."

इराने आणखी एक चेंडू टाकला. प्राचीने एकदम माझा हात धरला, दाबला आणि सोडला. मग पर्स खांद्यावर घेत म्हणाली, "ये ना कधीतरी. फोन करून ये, म्हणजे असू आम्ही घरी."

तुम्ही तिकडचे मला विचारता, आता तिकडेच घर वाटत असेल ना? आणि इथे नव्याने आलेले विचारतात, किती वर्षांनी वाटायला लागतं? मला पूर्वी उत्तर येत होतं. आता वाटतं, आई-बापांचं घर सोडावं लागतं तेव्हा निदान ते सगळ्यांना दिसतं. लोक रडतात, डबे देतात. जे घर आपण परक्या गावात माणसांमधून उभं केलेलं असतं, ते सुटलं की नाही हेही धड कळत नाही. त्याच रस्त्याने रोज गाडी जाते. दिवे लागलेले दिसतात.

मागच्या शनिवारी फोन करून मी गेले. दहा-अकरा वर्षं मी त्या घरात बाजूच्या फाटकातून, बॅकयार्डमधून शिरत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दाराशी उभी राहिले आणि बेल कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

दार इराने उघडलं. ती जरा गडबडली. मग वळून आत हाक मारली, "आई, मनीषामावशी आलीय."

एरवी ती नुसतं 'मावशी आली' म्हणायची.

मी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले.