चौसष्ट बिटची पत्रिका

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला हात लावायची बुद्धी मला कुठून झाली, हे अजून कळलेलं नाही. बँकेची साइट उघडत नव्हती, ब्राउझर अपडेट होत नव्हता. शोधल्यावर समजलं, की यंत्र आतून चौसष्ट बिटचं आहे, पण त्यावर चालणारी सिस्टीम बत्तीस बिटची. म्हणजे काय, ते व्हिडिओ बघूनही डोक्यात शिरलं नाही. एक म्हणाला, काही फरक पडत नाही. दुसरा म्हणाला, आजच बदला. मी दुसऱ्याचं ऐकलं. फोटो, फायली पेनड्राइव्हवर काढल्या, जुनं सगळं पुसलं आणि नवीन चढवलं. कॉम्प्युटर पळायला लागला आणि मी खूश झाले.

त्या खुशीत एक गोष्ट विसरले. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्यावर पत्रिका काढायचे. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला हा माणूस तळोज्याच्या कारखान्यातून रिटायर झाला आणि कुठूनतरी पत्रिकेच्या सॉफ्टवेअरची सीडी घेऊन आला. ग्रहताऱ्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. तारीख, वेळ, गाव टाकायचं आणि येईल ते मोठ्याने वाचायचं. पण लग्न ठरवण्याआधी निम्मा कोळीवाडा आमच्या बेलापूरच्या फ्लॅटवर गुण जुळवायला येतो. मला हे सगळं थोतांड वाटतं, पण आलेल्यांना चहा मीच करते.

माझ्या लेकीची पत्रिकाही त्यांनीच जुळवली होती. मुलगा नावडे गावचा, तिच्याच ऑफिसातला, तिनेच पसंत केलेला. सत्तावीस गुण. साखरपुड्याची बोलणी सुरू झाली आणि मुलाकडच्यांनी छापील पत्रिका मागितली. बाबांनी सीडी घातली. प्रोग्रॅम फार जुना आहे, इथे चालणार नाही, असं स्क्रीनवर आलं. मग लेकीनेच इंटरनेटवरून नवीन पत्रिकेचं सॉफ्टवेअर घेऊन दिलं. तीच मुलगी, तोच मुलगा, त्याच तारखा, त्याच वेळा. उत्तर आलं: एकनाडी दोष, विवाह टाळावा.

"आदी तर जमत व्हती," बाबा म्हणाले.

"आई, तू नक्की काय केलंस?" लेकीने मला असं विचारलं, की जणू ग्रह मीच इकडचे तिकडे केले.

खरंच, काय केलं होतं मी? पुन्हा वाचत बसले. कुठेतरी लिहिलं होतं, प्रत्येक सॉफ्टवेअरचं गणित वेगळं असतं. मग बरोबर कोणाचं? ते कोणी लिहिलं नव्हतं. जुनी सिस्टीम परत चढवायला गेले तर ती मिळेना. वैतागून माझी आणि नवऱ्याची पत्रिका टाकली. पास होण्यापुरतेही गुण पडले नाहीत. "बघ, मी म्हणतच होतो," नवरा म्हणाला. त्याला झापलं खरं, पण आत कुठेतरी चर्र झालं. ज्यावर विश्वास नाही त्याने मला नापास केलं तर मला का लागावं, तेही कळेना.

बाबांना मात्र झोप लागेना. "दोष हाय म्हायती असून पोरगी कशी देऊ? उद्या काय झाला तर?" लेक त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आजोबा नाही म्हणाले तर मी लग्न करणार नाही, म्हणाली आणि दार लावून घेतलं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठी रडूही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी मला हाक मारली. "माजी आन तुजे सासूची टाक."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी नाव टाकलं, शाळेच्या दाखल्यावरची तारीख टाकली. जन्मवेळेशी अडलं. चौकट लाल झाली. वेळ टाकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"जुन्याला चालायचा," बाबा म्हणाले. "मी मोकला सोडायचो. आमचे तीस गुन जमले व्हते."

ते तीस गुण त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितले होते. जुनं सॉफ्टवेअर रिकाम्या जागी मध्यरात्र धरत असणार, हे मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

"मंजे आमचे गुन खोटे?"

"मला नाही माहीत, बाबा. मला यातलं काहीच कळत नाही."

त्यांनी लाल चौकटीवर बोट ठेवलं. "तिची आय सांगायची, भरती लागली तवा ही झाली. भरती घेल क यो?"

"नाही. आकडेच लागतात."

"घड्याल नव्हता त्यांचे घरान. कुठून आनू आता वेल? मना तिने कवा काय कमी नाय केला. पुस. आदी तिचा नाव पुस तिथून. परीक्षेला बसवलाय तिला, मेल्यावर."

मी पुसलं. डोळ्यांत पाणी आल्यामुळे एक अक्षर राहिलं, तेही पुसलं.

मग त्यांनी फोन उचलला आणि नावड्याला, होणाऱ्या व्याह्यांना लावला. "हॅलो, यांव. पत्रिका नाय पाठवत मी," ते म्हणाले. "आमची पोर देताव. साखरपुड्याला कवा येता, तेवडा बोला."