घरी ऐकाचं, बोलाचं नाई

रत्नाबाईंचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरच्या घरी कांदा चिरत होतो, त्यामुळे पुढे डोळ्यांना आलेल्या पाण्याचं श्रेय शेजाऱ्यांनी कांद्याला दिलं. "सर, हे गेले जी," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, जणू मी त्यांना जाब विचारला असावा तशा म्हणाल्या, "मी चहा घेऊन गच्चीवर गेली होती. रेडिओ बोलूनच राह्यला होता... मले वाटलं, हे ऐकून राह्यले." चहा तसाच गार झाला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

रत्नाबाईंचे यजमान मनोहरभाऊ बल्लारपूरचे. चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर लहान विमानं चालवायला शिकवायचे. मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर या खुळात पडलो आणि त्यांचा सर्वांत म्हातारा विद्यार्थी झालो. त्यांना कुणी 'कॅप्टन' म्हटलं, की ते मागे वळून बघायचे. मागून कोणी मोठा माणूस येत असेल तर वाट द्यावी म्हणून. विमानातला रेडिओ बंद पडलाच तर हाताशी असावा म्हणून एक जुना, मुठीत मावणारा रेडिओ ते दोरीने गळ्यात अडकवायचे. "भाऊ, ताईत बांधला का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "ताईताले सेल लागत नाई, सर," ते म्हणाले.

सेल हाच त्या रेडिओचा जीव होता. त्याची मूळ बॅटरी केव्हाच मेली होती आणि तशी आता कुठे मिळत नव्हती. मग मनोहरभाऊंनी साधे पेन्सिल सेल बसतील असा डबा मिळवला. उड्डाण झालं की सेल काढून वेगळे ठेवायचे. आत राहिले तर पाझरतात आणि रेडिओ खातात. विमानाच्या बंद केबिनमध्ये त्याच्या शेपटीसारख्या रबरी एरियलचा भरवसा नाही, म्हणून बाहेरच्या जादा एरियलची वायर रीतसर बसवून घेतलेली. इंजिनाच्या आवाजात नुसत्या कानाला काही कळत नाही, म्हणून हेडफोनची जोडवायर आधीच लावलेली. आणि कुणा विद्यार्थ्याने तो नेताना मागच्या सीटवरच्या पिशवीत टाकलेला दिसला, तर "हा घरीच ठेवला असता," एवढंच म्हणायचे. पट्टे आवळून बसलेल्या माणसाचा हात मागे पोचत नाही, हे आम्हा शिकलेल्यांना दरवेळी नव्याने कळायचं.

महिन्यातून एकदा ते रेडिओ घरी आणून गच्चीच्या कठड्यावर ठेवत आणि सेल किती वेळ पुरतात हे पाहायला ते संपेपर्यंत चालू ठेवत. बल्लारपूरच्या खूप वरून जाणाऱ्या विमानांची बोलणी त्या घरात उतरत. रत्नाबाई मला म्हणायच्या, "आमच्या घरी सारं जग बोलते, एक हेच बोलत नाई." त्यावर भाऊ बोलायच्या बटणावरून बोट दूर करून दाखवत. "घरी ऐकाचं, बोलाचं नाई. ऐकाले सेल दिवसभर पुरते. बोलाले नाई पुरत." तो नियम त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता, असं आता वाटतं...

एका उन्हाळ्यात आम्ही गडचिरोलीकडून परतत होतो. मोहफुलं वेचायला झाडांखालचा पाला जाळल्याचा धूर सगळीकडे पसरलेला. सिंदेवाहीच्या जरा पुढे पॅनेलवरचे दिवे मंदावले आणि मोठा रेडिओ गप्प झाला. इंजिन चालू होतं, फक्त वीज गेली. "लोडशेडिंग, सर," भाऊ म्हणाले. अख्ख्या राज्याला वीज पाठवणाऱ्या जिल्ह्यावर! पण त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. धावपट्टीवर त्यांची एक विद्यार्थिनी त्या वेळी एकटीच चकरा मारत होती. धुरात ती आम्हाला दिसत नव्हती, आम्ही तिला दिसणार नव्हतो, आणि दोघांना त्याच पट्टीवर उतरायचं होतं. भाऊंनी गळ्यातल्या रेडिओला एरियलची वायर खोचली, ठरलेले इंग्रजी शब्द उच्चारले आणि मग म्हणाले, "बेटा, तू वरच राय. आम्ही पहिले उतरतो." काही क्षण नुसती खरखर. मग आवाज आला, "हो भाऊ, ऐकू येऊन राह्यलं." उतरल्यावर भाऊ सेल काढत होते.

शोकसभा थाटात झाली. फलकावर गरुड होता आणि गरुडाहून मोठा प्रमुख पाहुण्यांचा फोटो. भाऊंना शोधावं लागलं. ते खालच्या कोपऱ्यात होते. भाषणांत आकाश पुष्कळ वेळा आलं. शेवटी ठराव झाला, की त्यांचा रेडिओ काचेच्या पेटीत कायमचा ठेवावा, आणि पाहुण्यांना छान दिसावा म्हणून रेडिओच्या आतला दिवा लागलेला असावा. टाळ्या सुरू झाल्या होत्या. रत्नाबाई पहिल्या रांगेतून उठल्या. "दिवा लावून ठेवसान तर सेल पाझरन, अन् रेडिओ मरन. एक जण गेला तेवढं पुरे नाई का?"

टाळ्या कुठे ठेवाव्यात हे कुणालाच सुचेना. रत्नाबाईंनी पुढच्या टेबलावरचा रेडिओ उचलून पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "विमानातच राहू द्या याले. पण महिन्यातून एकदा घरी आणा. हे आणत होते तसा."

परवा आणला. कठड्यावर ठेवला, चालू केला. रत्नाबाईंनी तीन कप आणले. तिसऱ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने वरून एक विमान गेलं. त्यातला वैमानिक नागपूरच्या नियंत्रण कक्षाला इंग्रजीत विचारत होता, आपला आवाज येतो का.

"येऊन राह्यला," रत्नाबाई हळूच म्हणाल्या. हात मांडीवर होते. बटणाला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.