भगोनंभर सूप

आमच्या थोरल्या जाऊबाईंना जगातली कुठलीही गोष्ट करता येते. फक्त थोडी करता येत नाही. हे मी कौतुकानं म्हणते की तक्रारीनं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं ठरलेलं नाही. तेलगावच्या पुढं आडवाटेला आमचं गाव आहे. तिथं त्या आणि माझे थोरले दीर अण्णा असे राहतात, आम्ही बीडला. मी गेले आणि 'अक्का, घोटभर चहा टाका' म्हटलं, की त्या चहाचं आधण भगोन्यात ठेवतात. भगोनं म्हणजे आमच्याकडचं रुंद तोंडाचं मोठं पातेलं. अक्कांकडे ते जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, आहे, आणि त्यांच्या सगळ्यांत लहान भगोन्यात तान्ह्या बाळाला आंघोळ घालता येईल. एकदा मी फोनवर चमचाभर येसर मागितला. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. लग्नाच्या पंगतीतली आमटी त्यानंच दाट होते. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं मला स्टँडवर बोलावून तेलाचा डबा हातात दिला. तो गळ्यापर्यंत येसरनं भरलेला होता. आमच्या कॉलनीनं तो पावसाळा येसर आमटीवर काढला. लग्नकार्यात आहेर म्हणून आलेली लहान पातेली अक्कांकडे पुष्कळ आहेत, पण एकात सुईदोरा असतो, एकात लायटर आणि एकात अण्णांच्या गोळ्या. अण्णा म्हणतात, "हिला एक पापड भाज म्हणलं तर आधी गावात दवंडी द्यावी लागंल."

अक्कांचं यावर म्हणणं असं, की भगोन्याचं बूड झाकेल एवढ्याच अन्नाला चव येत नाही. आणि दुसरं म्हणणं त्याहून पक्कं आहे: स्वयंपाक करताना खाणारी माणसं मोजायची नाहीत. मोजली की कमी होतात. पुतणीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, लग्नात मी पंगतीतली डोकी मोजायला लागले होते. माझा स्वभावच तसा. माझ्या फ्रीजवर तीन याद्या असतात आणि चौथी पर्समध्ये. तर अक्का मांडवातून ताडताड आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर चक्क हात ठेवला. "माणसं मोजती व्हय गं धाकले? मेंढरं हायेत का ती?" हाताला हळद आणि तूप होतं. ते माझ्या नव्या पैठणीला लागलं, आणि डाग अजून आहे. त्या दिवशी जेवण मात्र कुणालाही कमी पडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

ही सवय अक्कांना उगीच लागली नव्हती. अण्णा बरीच वर्षं गावचे सरपंच होते. तहसीलला निघालेला, बांधाचं भांडण घेऊन आलेला, कपिलधारचं दर्शन करून परत चाललेला, असा कोणी ना कोणी रोज ओसरीवर बसलेला असायचा आणि जेवल्याशिवाय उठायचा नाही. पुढं तब्येतीमुळं अण्णांनी पद सोडलं, तशी माणसं नव्या सरपंचाच्या दारी गेली. त्यात वाईट काही नाही. काम जिथं होतं तिथं माणूस जाणारच. मुलगी पुण्याला. हिवाळ्यात टोळ्या ऊसतोडीला गेल्या की गावही निम्मं रिकामं होतं. भगोनं मात्र तेवढंच राहिलं. उरलेलं थोडं गुरांना जायचं, थोडं कुत्र्याला, आणि बाकीचं सकाळ-संध्याकाळ अण्णांना.

अशात गेल्या उन्हाळ्यात पुतणी तिच्या सहा वर्षांच्या ईराला घेऊन आठवडाभर राहायला आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. ईरानं तीन दिवस बिस्किटांखेरीज कशाला तोंड लावलं नव्हतं. अक्कांनी तिच्यासाठी घागरभर आमरस केला, परातभर धपाटी केली, शेंगदाण्याचे लाडू तर इतके केले की ते पुढं गणपतीपर्यंत पुरले. लेकरू तोंड मिटून बसायचं. शेवटी पुतणी म्हणाली, "आई, हिचं पोट बिघडेल, मी निघते." अक्का मला फोनवर म्हणाल्या, "आख्खा तालुका जेवला आपल्या घरी, अन् मपली नात उपाशी गेली."

म्हणून नाताळच्या सुट्टीत ईरा पुन्हा येणार असं कळल्यावर त्यांनी आधी पुतणीला विचारलं, की ती घरी खाते तरी काय. मग मला फोन केला. "धाकले, टमाट्याचं अन् पालकाचं सूप म्हणजी कसं असतंय? मलईचं. तेवढंच खाती म्हणं ती. ह्या वक्ताला लेकरू उपाशी गेलं तर पुतणी तुझी पुन्हा आणायची न्हाई बघ तिला." मी ताबडतोब यादी केली: कॉर्नफ्लोअर, क्रीमचा डबा, लोणी, मिरपूड, बारीक जाळीची गाळणी, मिक्सरचं लहान भांडं. टोमॅटो आणि पालक तिकडे मळ्यातच होते. दुसऱ्या दिवशी मी गावी पोचले, तेव्हा अक्का दारात पदर खोचून उभ्या होत्या. परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखा चेहरा झाला होता त्यांचा.

मी ओट्यावर चार टोमॅटो ठेवले.

"अन् बाकीचे?" अक्कांनी विचारलं.

"एवढेच. तीन वाट्या होतात."

"चार टमाट्याला गॅस पेटवायचा? शेजारचे म्हणतील सरपंचाच्या घरी काय दळिद्र आलं म्हणून."

मी लक्ष दिलं नाही. सुईदोरा काढून लहान पातेलं मोकळं केलं. लोण्यावर दोन पाकळ्या लसूण आणि अर्धा कांदा परतला, टोमॅटोच्या फोडी टाकून झाकण ठेवलं, मऊ झाल्यावर गार करून मिक्सरमधून काढलं आणि गाळून घेतलं. गाळणीत राहिलेल्या साली आणि बिया अक्कांनी लगेच वाटीत काढून ठेवल्या. त्याची चटणी होते म्हणे. मग रस उकळायला ठेवला, थंड पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोअर घातलं, मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर. पालकाची पानं उकळत्या पाण्यातून काढून अगदी बारीक चिरली. "अक्का, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पालक मिक्सरात घालायचा नाही. लाल आणि हिरवं एकत्र वाटलं की चिखलाचा रंग येतो. तो चिरून शेवटी घालायचा. आणि गॅस बंद केल्यावरच क्रीम घालायचं. उकळत्या आंबटात दूध-साय पडली की फुटते." लाल रसावर हिरवे ठिपके आणि मध्ये पांढरं वेटोळं, असं सूप तयार झालं. अक्कांनी चमचाभर तोंडात घेऊन बराच वेळ घोळवलं. "चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण हे आजारी माणसाला देतेत तसं लागतंय. ह्यानं पोट कसं भरंल?" अण्णांनी त्यांची वाटी उभ्या उभ्या संपवली आणि विचारलं, "आता जेवायला काय हाय?"

ईरा दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. सकाळी मी मळ्यातून कोवळा पालक आणायला गेले. तासाभरानं परत येते तो परसातल्या चुलीवर भगोनं चढलेलं. अक्का कोपरापर्यंत भरलेल्या हातानं कालथा फिरवत होत्या. टोमॅटो टोपलीभर गेले होते. पालक जुडीच्या जुडीनं गेला होता, आणि मिक्सरच्या लहान भांड्यात मावेना म्हणून सगळं एकत्र रगड्यावर वाटून झालं होतं. क्रीमचा डबा भगोन्यात दिसेनासा झाला, म्हणून वर धारोष्ण दूध ओतलं होतं. ते अर्थातच फुटलं होतं.

"अक्का, हे एवढं दाट कशानं झालं?"

"तुपली ती पांढरी पुडी ह्याच्या बुडालासुदीक पुरली न्हाई," अक्का म्हणाल्या. "मंग येसर लावला."

मी भगोन्यात डोकावले. रंग आमच्या गावच्या पावसाळ्यातल्या रस्त्याचा होता. वास मात्र असा, की मला कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं वाटलं.

ईरा आली. अक्कांनी तिला पाटावर बसवलं, वाटी भरून पुढं ठेवली आणि स्वतः समोर गुडघे जवळ घेऊन बसल्या. ईरानं वाटीत पाहिलं. मग आईकडं. "हे सूप नाहीये," असं म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं. पुतणी म्हणाली, "ईरा, एक चमचा. आजीनं केलंय ना?" ईरानं मान हलवली आणि बिस्किटं मागितली. अक्का उठल्या, वाटीतलं परत भगोन्यात ओतलं आणि पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडे झाले तरी पुसत होत्या.

मी उठले. चार टोमॅटो घेतले आणि गॅसकडे वळले. लोणी होतं, साय घरचीच होती, चिमूटभर कॉर्नफ्लोअर पुडीच्या कोपऱ्यात निघालं. तेवढ्यात अण्णा भगोन्याशी गेले, बोटानं चाटून पाहिलं आणि बाहेर ओसरीवर जाऊन गल्लीकडं तोंड करून ओरडले, "या रे, कालवण झालंय! आपापली भाकरी घेऊन या!"

हिवाळ्यात गावात मागं उरतात ती म्हातारी माणसं. लेकरं-सुना उसाला गेलेली. एक आला, मग दोघी आल्या, मग पदराखाली, दस्ती-रुमालात, डब्यात भाकऱ्या घेऊन बरीच आली. मी मोजली नाहीत. अंगणात बसून सगळ्यांनी ताटलीत भाकरी चुरली आणि वरून ते तपकिरी सूप वाढून घेतलं.

"सरपंच, हे कोणतं कालवण रं?" अण्णांच्या वयाचे एक आजोबा म्हणाले.

"पुण्याचं हाय. गुमान खा."

"पुण्याला येसर लावतेत व्हय?"

"आजपासून लावतेत," अण्णा म्हणाले.

एक म्हातारी अक्कांना म्हणाली, "लई दिवसांनी आलते बघ तुझ्या अंगणात, माय. वाढ अजून." अक्का वाढायला लागल्या. आधी मुकाट्यानं, मग नेहमीच्या आवाजात.

माझं सूप झालं. लाल, वर हिरवे ठिपके, पांढरं वेटोळं. मी वाटी ईरापुढं ठेवली; तिनं दोन चमचे खाल्ले आणि मला जरा जिंकल्यासारखं वाटलं. पण तिचं लक्ष अंगणात होतं. ती वाटी दोन्ही हातांनी धरून पायरी उतरली, अण्णांच्या शेजारी मातीत मांडी घालून बसली आणि त्यांच्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणाली, "आजी, मला पण तसं चुरून दे. पण माझ्याच सुपात."

अक्कांनी भाकरीचा पापुद्रा काढला. बोटांनी असा बारीक केला, की मिक्सरला जमलं नसतं. माझ्या गाळून घेतलेल्या, मापानं केलेल्या सुपात त्यांनी तो कालवला आणि नातीला भरवला. ईरानं तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. पुतणी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिनं बिस्किटांचा पुडा मागं लपवला. ईरा सबंध सुट्टीभर राहिली. रोज मी सांगितल्याप्रमाणं लहान पातेल्यात तिचं लाल सूप व्हायचं, रोज त्यात भाकरी पडायची, आणि रोज ते अंगणातच खाल्लं जायचं. कारण भगोनंही रोज चढत होतं. 'येतानाच भाकरी आणा' एवढं सांगितलं की अक्कांचं काम अर्धं होतं, हा शोध त्यांना या वयात लागला.

सुट्टी संपली, मायलेकी पुण्याला गेल्या. मी तर आधीच बीडला आले होते. अजून थंडी होती. एका दुपारी अक्कांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. गल्लीतली म्हातारी माणसं येतात का, मी विचारलं. तर म्हणाल्या, लेकरू होतं तवर त्याला बघायला यायची, आता कशाला येतील. मग म्हणाल्या, "धाकले, दोन माणसाला किती टमाटे लागतेत गं?"

माझ्या हातात चमचा होता, तो तसाच राहिला. दोन माणसाला तीन लागतात. मध्यम असले तर अडीचसुद्धा चालतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण अक्कांनी माणसं मोजली होती.

"बारा," मी म्हटलं.

"बारा? आगं, त्या दिवशी चारच म्हणलीस की."

"ते लेकराच्या मापाचं होतं. मोठ्या माणसाला जास्त लागतात. शिवाय थंडीत आटतं."

तालुका जेवू घातलेल्या बाईला टोमॅटो कितपत आटतात ते माझ्याकडून कळायचं नव्हतं.

"व्हय गं," अक्का म्हणाल्या, "थंडीत आटतंच. अन् उरलं तर?"

"उरलं तर अण्णांना ओसरीवर उभं करा."

त्या हसल्या. फोन कुठंतरी ठेवला असावा, बंद करायचा विसरून. पावलं लांब गेली. मग परसातून जर्मनचं काहीतरी जड फरशीवरून ओढत आणल्याचा आवाज आला. माझ्या कुकरची शिट्टी होऊन गेली तरी मी फोन कानाला लावून उभी होते.