हौदातले मासे

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. माझे यजमान पाणीपुरवठ्याकडे ज्युनिअर इंजिनिअर होते. कुठल्या गावाला टँकर जातो, कुठल्याला नाही, हे बघायचं त्यांचं काम. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ असायची. आम्ही नांदेडहून बदली होऊन आलो होतो; गोदावरीकाठी वाढलेल्या मला ही कोरड सोसत नव्हती.

एका रविवारी त्यांच्या साहेबांनी आम्हा दोघांना अहमदपूरकडच्या एका जुन्या गढीवर जेवायला नेलं. "वहिनी, अशी बाग अख्ख्या मराठवाड्यात नाही," ते जीपमध्ये सांगत होते. रस्त्याच्या कडेला मेलेली जनावरं फुगून पडली होती. मी नाकाला पदर लावला तो गढीच्या दारातच काढला.

आत मोगऱ्याचा आणि ओल्या मातीचा वास होता. पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पांढऱ्या मातीच्या जाड तटाच्या आत डाळिंबं, लिंबोणी, गुलाबांचे ताटवे आणि मधोमध दगडी हौद होता. हौदात तांबडे मासे फिरत होते. गढीचे मालक, पन्नाशीचे, पांढऱ्या स्वच्छ धोतरात, आम्हाला झाड न् झाड दाखवत होते.

"आजोबांनी हैद्राबादहून माळी आणला होता. निजामाचे अंमलदार इथं मुक्काम करायचे," ते म्हणाले. मग गड्यानं पुढं केलेल्या तांब्यातून त्यांनी खळखळून चूळ भरली आणि पानाची लाल पिंक गुलाबाच्या वाफ्यात टाकली. पुन्हा चूळ, पुन्हा पिंक. तांब्या रिकामा झाल्यावर दुसरा आला. मला शिसारी आली. सकाळी आमच्या घरी तेवढ्या पाण्यात दोघांची तोंडं धुऊन झाली होती.

ताटव्यात एक बाई गवत खुरपत होती. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली, "बाई, मालकाला इचारता का? सांजच्याला घागरभर पाणी न्यू द्या म्हनावं. वाडीला चार दिस झाले टँकर न्हाई."

मी विचारलं. मालक हसले. "हिला दिली की अख्खी वाडी दारात येतीय, वहिनी."

त्यांची पाठ वळली तशी त्या बाईनं हौदाच्या काठाला बसून ओंजळ बुडवली आणि पाणी प्यायली. माशांच्या घाणीचं, हिरवट पाणी. मालकांनी वळून ते पाहिलं. ते ओरडले नाहीत, तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "हौद बाटवला हिनं," ते गड्याला शांतपणे म्हणाले. "उपसून टाक सगळा. आधी मासे बादलीत काढ, नीट. आन् तू ऊठ, उद्यापासून कामाला यायचं न्हाई."

गड्यानं एक एक मासा हलक्या हातानं बादलीत सोडला. मग हौदाचं बूच काढलं. एवढं पाणी तटाखालच्या मोरीतून बाहेरच्या उकिरड्यावर वाहत गेलं आणि आम्ही उभे राहून बघत होतो. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे शिस्त आहे."

"टँकर लाव रे हिकडं," मालकांनी मागच्या बाजूला हाक दिली. गोठ्यामागून टँकर आला. यजमानांनी तो बघितला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हा आपला टँकर आहे, साहेब. वाडीला लावलेला."

"अहो, ताटं वाढलीत. उद्या ऑफिसात बोलू."

"उद्या नाही." एवढंच बोलून ते केबिनमध्ये चढले. ड्रायव्हर मालकांकडे बघत राहिला, मग यजमानांकडे. "चल," ते म्हणाले. मी कुणाला न विचारता वर चढले आणि त्या बाईला हात दिला. ती आधी मागं सरली. मग चढली आणि अंग चोरून बसली.

मागून मालकांचा आवाज आला, "मासे मरतील की हो!"

वाडीच्या विहिरीत पाणी सोडलं तेव्हा तळाचा चिखल उसळून सगळं पाणी तांबूस झालं. तरी बाया धावत आल्या, दोर सोडले, भांडल्या, एकमेकींच्या घागरींना धक्के दिले. आमच्याबरोबर आलेली बाई त्या गर्दीत शिरली आणि मला पुन्हा दिसली नाही. मी विहिरीमागं जाऊन ओकले. गढीवर पोटात फक्त एक पेला सरबत गेलं होतं, तेही पडलं तेव्हा हलकं वाटलं.

महिन्याभरात यजमानांची बदली माहूरच्याही पलीकडं झाली. साहेब लातुरातच राहिले. टंचाईच्या बैठकांना मालकांना पूर्वीसारखीच पुढची खुर्ची मिळायची, असं कानावर आलं. नव्या गावी सामान लावताना मी यजमानांना विचारलं, वाईट वाटतंय का. ते खिळा ठोकत होते. म्हणाले, "त्या बाईचं काम गेलं, त्याचं वाटतं."

मला मात्र अजून मालकांच्या त्या शांत आवाजाची किळस येते.