दूध नऊशे नव्व्याण्णव अंशांवर

नवीन ड्रायव्हर टाकून अर्धा तासही झाला नव्हता, तोच पहिली तक्रार आली. चहा आला नाही.

"चहाचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध?" मी विचारलं.

"स्क्रीनवर आकडा आला न्हाई, म्याडम. त्यो आला की टाकी धुवायला घेत्यात, तीच च्याची येळ. मग च्या कसा टाकायचा?" कँटीनच्या शालनताई म्हणाल्या.

फलटणच्या पुढचं दूध शीतकरण केंद्र. इतकी वर्षं मी यंत्रांच्या पोटातलं सॉफ्टवेअर लिहिते, पण असा बग रिपोर्ट पहिलाच.

थोडं सोपं करून सांगते. दुधाच्या टाकीत तापमान मोजणारा सेन्सर असतो. त्याची भाषा कॉम्प्युटरला समजावतो तो ड्रायव्हर. तो कर्नलमध्ये, म्हणजे अगदी तळघरात बसतो. वरच्या मजल्यावर रोजचे प्रोग्रॅम चालतात, ते युजरस्पेस. खालून आकडा येतो, वरचा प्रोग्रॅम तो बघून टाकीतला दूध ढवळणारा पंखा चालवतो.

सेन्सर काढला की जुना ड्रायव्हर ९९९ सांगायचा. एवढ्या अंशांना चांदी वितळते. इथल्या लॉगबुकात मात्र रोज सकाळी सहीनिशी नोंद होती: "तापमान ९९९. दूध उत्तम." मला माझ्या धंद्याची लाज वाटली. मी ९९९ काढलं आणि तिथे 'सेन्सर नाही' अशी रीतसर एरर ठेवली. पुण्यातले आमचे साहेब म्हणाले, "आता कसं क्लीन झालं."

टाकी धुणारे हमीदचाचा सेन्सर काढून, ब्रश घेऊन टाकीच्या झाकणापाशी उभे होते. आत जात नव्हते.

"चाचा, टाकी रिकामी आहे. उतरा."

"आकडा येऊ द्या."

"तो आकडा चुकीचा होता."

"आसंल. पर बारा वर्सं त्यो बघूनच आत जातोय. चुकीचा आसला तरी वळखीचा हाय."

मॅनेजर म्हणाले, "मेन स्विच बंद करून जायचं, असा नियम आहे."

"मेन बंद केला की शेजारच्या टाकीतलं दूध तापतंय. तुमीच नगं म्हनला हुता, सायेब."

मॅनेजर छताकडे बघू लागले.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. "मी सांगते ना, काही होत नाही," मी म्हणाले. चाचांनी शिडीवर एक पाय ठेवला. मग परत घेतला. "च्या पिऊन जातो," म्हणाले.

झालं. चहाशिवाय चाचा उतरेनात, आकड्याशिवाय शालनताई चहा टाकेनात, आणि आकडा मी काढून टाकलेला. आम्ही चौघं रिकाम्या टाकीभोवती हुज्जत घालत उभे होतो, तेवढ्यात आतला पंखा फिरायला लागला.

मी पायरीवर बसले.

जुना प्रोग्रॅम उघडून बघितला. शंभराच्या वर आकडा दिसला तर पंखा बंद ठेवायचा, असं त्यात होतं. एरर त्याला कळतच नव्हती. एरर आली की तो मागचाच आकडा धरायचा: चार अंश. म्हणजे दूध आहे, थोड्या थोड्या वेळानं ढवळा. तो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता.

पुण्याला साहेबांना फोन केला. "अगं, पण ९९९ चूकच आहे ना?"

"हो सर. चूकच परत ठेवतेय."

जुन्या वाटेनं पुन्हा ९९९ सोडलं. खरी एरर नव्या प्रोग्रॅमांसाठी वेगळ्या वाटेनं दिली. पंख्याला स्वतंत्र, कुलपाचा स्विच बसवून घेतला आणि किल्ली चाचांच्या खिशात दिली. हे बारा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

चाचांनी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तरीही स्क्रीनसमोर उभे राहिले. ९९९ आलं. "आता व्हय," म्हणाले आणि उतरले. शालनताईंनी आधण ठेवलं.

युजरस्पेस मोडायचं नाही, म्हणजे तळघरात काहीही बदललं तरी वरचे प्रोग्रॅम बिघडू द्यायचे नाहीत, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मला तो पाठ होता. आता ड्रायव्हरमधल्या त्या ओळीवर मी शेरा लिहून ठेवला आहे: "हे चूक आहे. दुरुस्त करू नये. आत हमीदचाचा आहेत."