मिठाचा डबा मी वर ठेवला

आमच्या घरात पहिली पदवी माझी. वडील सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागांत छाटणीला जायचे, आई फळं निवडायला. त्यांच्या राबण्यावर मी बी.एस्सी., बी.एड. झाले आणि सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. ते उपकार मी विसरलेले नाही. पण पदवीबरोबर घरानं मला आणखी एक काम दिलं. कुणाला ताप आला, कुणाचा रिपोर्ट आला, की कागद माझ्या हातात. "तू शिकलीयास, तू सांग," आई म्हणायची. आणि मी सांगायचे. ठाऊक नसलं तरी सांगायचे.

वडील रक्तदाबानं गेले. अर्धांगवायूचा झटका आला आणि तीन दिवसांत सगळं संपलं. ते भाकरीवर वरून मीठ घ्यायचे, ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या वर्षापासून मी आमच्या जेवणातलं मीठ कमी केलं. लोणचं, पापड, सांडगे बंद. शेंगाचटणीसुद्धा बिनमिठाची.

माझी धाकटी बहीण शुक्रवार पेठेतल्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हा तिलाही हाच नियम. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तिला काम लागलं होतं. वर्षभरात ती कॉलरच्या मशीनवर बसली. कॉलर सगळ्यांना जमत नाही. दोन्ही टोकं सारखी यावी लागतात. पहिल्या पगाराच्या दिवशीच ती म्हणाली होती, "अक्का, आता मी कुनाच्या घरी फुकट खानार न्हाय. तुझ्या बी न्हाय." तिला सोलापुरात स्वतःच्या जिवावर राहायचं होतं.

तिचे सांधे लहानपणापासून ढिले. अंगठा मागं वाकवून मनगटाला लावायची. गल्लीतली पोरं "रबर, रबर" म्हणत जमायची, आणि मीही मैत्रिणींना बोलावून तो खेळ करायला लावायचे. घागर उचलताना खांदा निसटायचा. तो तीच पुन्हा बसवायची आणि पुढं चालायची. आम्हाला त्यात आजार दिसलाच नाही.

सोलापूरचा उन्हाळा, कारखान्यावर पत्रा, घाम. जेवणाच्या सुट्टीत मशीनवरून उठली की तिच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. दोनदा पडली. मी म्हटलं, अशक्तपणा आहे, दूध पी. त्याच आठवड्यात तिच्या डब्याच्या पिशवीत कागदाची पुडी सापडली. आत खडे मीठ.

"हे काय?"

"चघळलं की बरं वाटतंय मला."

"बाबांचं काय झालं पाहिलंस ना?"

"माझी आन् बाबांची तब्येत एकच हाय व्हय?"

मी पुडी मोरीत ओतली आणि मिठाचा डबा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला. हात वर ताणला की तिचा खांदा निसटतो, हे मला माहीत होतं.

तिसऱ्यांदा ती पडली तेव्हा कपाळाला मशीनची कड लागली. कारखान्यातल्या मुकादमानं फोन मला केला. मी फोनवरच सांगून टाकलं, "उद्यापासून ती येणार नाही." तिला विचारलं नाही. टाके घालून घरी आल्यावर सांगितलं. ती भिंतीकडं तोंड करून निजली.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी एका मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी तिचा अंगठा, कोपर, गुडघे वाकवून पाहिले. आडवं निजवून नाडी आणि रक्तदाब मोजला, मग उभं करून पुन्हा पुन्हा मोजला. म्हणाले, "हिच्या संयोजी ऊती जन्मापासून सैल आहेत. त्यामुळं सांधे निसटतात. उभं राहिलं की रक्त पायांकडं उतरतं, नाडी धावते, चक्कर येते." नववीच्या वर्गात संयोजी ऊतींची आकृती मी कितीतरी वर्षं फळ्यावर काढत होते.

मग त्यांनी तिला विचारलं, "मीठ किती खाता?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

"आमच्यात पथ्य हाय, डॉक्टर," ती म्हणाली. "घराण्यातच हाय."

ते पथ्य कुणी घातलं, हे तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या. मग डॉक्टरांनी मीठ आणि पाणी मापून लिहून दिलं, स्नायू बळकट करायचे व्यायाम दिले आणि अंगठा वाकवून दाखवायला कायमची बंदी केली. मला बजावलं, "हे हिच्यापुरतंच. रक्तदाब असलेल्या माणसाला हे सांगत बसू नका." म्हणजे वडिलांच्या मिठाबद्दल मला वाटलं ते चुकीचं नव्हतं. एकाचं औषध दुसऱ्याला पाजण्यात चुकलं होतं.

दोन-अडीच महिन्यांत तिचं पडणं थांबलं. सांधे तसेच राहिले, ते तसेच राहणार. मी म्हटलं, "मुकादमाला फोन करते, पुन्हा घेतील."

"तू नगं करूस. मी जाती."

ती गेली आणि तासाभरात परत आली. "कॉलरवर दुसरी बसवली हाय. धागं काप म्हनत्यात. दिवसभर हुभं राहून."

ते तिला झेपणारं नव्हतं, आणि हे तिनं मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं सगळं."

"तू चांगल्यासाठीच केलंस की." ती हसून म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात तिनं पिशवी भरली. आईजवळ राहते, गावात मशीन टाकते म्हणाली. गावात कॉलर कोण शिवून घेणार, हे दोघींनाही माहीत होतं. स्टँडवर सांगोल्याच्या गाडीत ती खिडकीला बसली, उजवा खांदा डाव्या हातानं धरून. थांब म्हणावं असं फार वाटलं. पण तेही तिच्यासाठी मीच ठरवणं झालं असतं. पाण्याची बाटली तेवढी खिडकीतून दिली. गाडी सुटली.